अकरा जोड चपला

४ तारीख, मंगळवार

आणि हे "मजा मारतोय" काय लावलंयस? वहिनीला म्हणालीस, दादाला म्हणालीस, आता म्हणे मी पाठवलेला फोटो शिवणकामवाल्या बाईलाही दाखवलास, की बघा, आमचे हे कसे निळ्या पाण्यात उभे आहेत. अगं, मी पाण्यात उभा होतो कारण बोट वाळूत रुतली होती आणि मी ती ढकलत होतो. फोटोत बोट आली नाही. काढणाऱ्याला पाणीच आवडलं, त्याला मी काय करू?

तू फोन उचलत नाहीस. दादा म्हणाला, ती म्हणते फोनवर हा बोलून बोलून निसटतो, म्हणावं कागदावर लिहून दे. घे कागद. सहावी नापास माणसाच्या हातचा आहे, तू बारावी झालेली, तेव्हा लाल पेन घेऊन बसू नकोस, मास्तरीणबाई.

तुझा निरोप पोचला. महिनाअखेरपर्यंत सांग. एकतर मला तिकडं ने, नाहीतर तू परत ये. दोन्ही जमत नसेल तर मी मुलींच्या वसतिगृहातली देखरेखीची नोकरी धरते, तिथं राहायला खोली देतात, मग तू माझी वाट बघायची नाही आणि मीही तुझी बघणार नाही. दादानं हे सगळं एका दमात सांगून टाकलं, नंतर विचारलं, हवा कशी आहे तिकडं. म्हटलं, दमट आहे.

आता उत्तर. परत येऊन करू काय? गॅरेज झालं, लाकडाची वखार झाली, ट्रकवर किन्नर झालो, मंडपवाल्याकडे बांबू उचलले. कुठंही सहा महिन्यांच्या वर माझा पाय ठरला नाही. तूच म्हणायचीस, ह्याच्या पायाला भिंगरी लावून पाठवलंय. इथं चौदा महिने टिकलोय. आधी नुसता दोरखंड ओढणारा होतो, आता बोट माझ्या हातात दिलीय. ते तुझ्या लेखी काहीच नाही?

आणि तुला नेऊ कुठं? आम्ही सातजण पत्र्याच्या एका लांब खोलीत राहतो. एकावर एक खाटा. माझी वरची, पत्र्याला नाक लागतं. बाहेर एक नळ, त्याला पाणी सकाळी सहा ते आठ. कुटुंबाला इथं जागा देत नाहीत, तसा नियमच आहे. मी नियम केलेला नाही.

मजेचं म्हणशील तर, या बेटावर फिरायला येणारं सगळं जोडीनं येतं. जोडीनं उतरतात, जोडीनं शहाळं पितात, एकाच शहाळ्यात दोन नळ्या. फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात देतात. दिवसाला वीसेक जोडपी तरी मी काढतो. हसा म्हणतो, जरा जवळ सरका म्हणतो, आता मला हे तोंडपाठ झालंय. मग ते मोबाइल परत घेतात आणि फोटोत बघतात, आणि मी बोट ढकलायला लागतो. संध्याकाळी खाटेवर पडलो की दिवसभरात कुणाशी काय बोललो ते आठवून बघतो. हसा. सरका. सांभाळून उतरा.

ही मजा.


९ तारीख, रविवार

टपालाची बोट उद्या आहे म्हणून हेही लिहून टाकतो. काल एक भानगड झाली. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायची शक्यता नाही, तरी सांगतो. इथं सांगायला कुणी नाही.

आधी माझ्या बोटीचं तुला कळायला हवं. तिच्या तळाला टेबलाएवढी काच आहे, त्यातून खालचे मासे, प्रवाळ, खेकडे दिसतात. चपलेच्या वाळूनं काचेवर ओरखडे पडतात, म्हणून चढताना प्रत्येकानं चपला काढून खोक्यात टाकायच्या आणि उतरताना घालायच्या. खोका माझ्या पायाशी असतो, कारण मी पुढं चाकाशी बसतो. निघायच्या आधी आम्ही माणसं मोजत नाही, चपला मोजतो. माणसं जागा बदलतात, वाकतात, एकमेकांच्या आड होतात. चपला गप्प पडून असतात. अकरा माणसं तर अकरा जोड. ही पद्धत बोटींच्या मालकिणीच्या नवऱ्यानं घातलेली, तो गेला तरी चालू आहे.

काल अकरा होते. त्यात एक जोडपं, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलांनी त्यांना सहलीची तिकिटं काढून दिलेली. तो जन्मभर कुठल्यातरी कारखान्याच्या कोठारात माल मोजून घ्यायचं काम करून निवृत्त झालेला. खिशात घडी घातलेला कागद, त्यावर बेटावरची बघायची ठिकाणं आणि पुढं वेळा. धक्क्यावरच त्यानं मला विचारलं की गुहेला चाळीस मिनिटं कशाला, वीस पुरतील. माझ्याबरोबर दोर सांभाळायला जो असतो, त्याला आम्ही लंबू म्हणतो, त्यानं तिथल्या तिथं त्या माणसाचं नाव वेळापत्रक ठेवलं. बायको मोठी टोपी घातलेली, बोलणं कमी. काचेवर ओणवी होऊन ती मासे बघत बसली होती, आणि एक पिवळा मासा आमच्या बरोबरीनं येतोय असं तिचं म्हणणं होतं. वेळापत्रक म्हणाला, तो तोच कशावरून, सगळे सारखेच असतात.

तर असा दिवस चालू होता. गुहेत ती हात लावून लावून भिंत बघत होती, हा दारात उभा राहून घड्याळ बघत होता. पाण्याचा झरा पडतो तिथं तिनं तोंड धुतलं, जरा बसू म्हणाली. तो म्हणाला, बसायला काय घरी जागा नाही? लोक हसले. मीही हसलो. खरं सांगतो, मला तो माणूस पटत होता. एका जागी बसून काय बघायचं असतं, हे मलाही कधी कळलेलं नाही.

मग आलो वाळूच्या दांड्यावर. हा बेटापासून वेगळा, समुद्राच्या मधोमध. ओहोटीला वर येतो, भरती आली की बुडतो. मधे वाळूचा जरा उंचवटा, पलीकडं कुणी बसलं तर इकडून दिसत नाही. तिथली वाळू पिठासारखी मऊ. लोक पाऊण तास बागडतात, मग लंबू तीनदा शिट्टी मारतो, की निघायचं. काल दुपारी बाराला तिथून सुटायचंच होतं, कारण त्यानंतर पाणी चढणार होतं.

इथं घोड्यानं पेंड खाल्ली. कुणी अनवाणी उतरलं तर त्याचा जोड खोक्यातून काढून माझ्या बाकाखाली ठेवायचा असतो, म्हणजे मोजणीत येत नाही; माणूस परत चढलं की मगच तो पुन्हा खोक्यात. हे काम माझं. ती बाई अनवाणी उतरली. मी बघितलंसुद्धा. पण त्या वेळी मी तुझ्या निरोपाला आणखी काय लिहायचं ते मनात जुळवत होतो आणि जोड खोक्यातच राहिला. तुझ्यावर ढकलत नाही. जे झालं ते सांगतोय.

शिट्टी झाली, लोक आले, खोका भरला. मोजले, अकरा जोड. वेळापत्रक केव्हाच परत येऊन माझ्या शेजारी बसला होता, दीपगृहाला किती मिनिटं लागतील विचारत. सकाळपासून तीनदा त्यांची चकमक झाली होती, त्यामुळं ती रुसून मागं बायकांत बसली असेल असं त्यानं धरलं. मी चपलांवर भिस्त ठेवली. दोघांनीही मान वळवली नाही. सुटलो.

पंचवीस मिनिटांनी दीपगृह. सगळे उतरले, आपापल्या चपला घालून पायऱ्यांकडं गेले. खोक्यात एक जोड उरला. तपकिरी, एका अंगठ्याला निळ्या दोऱ्यानं टाके घातलेले. मी उचलून वर धरला. वेळापत्रकानं तो बघितला आणि पुढं गेलेल्या लोकांना हाक मारली, "अहो, चपला कुणाच्या राहिल्या?"

एक कॉलेजातली पोरगी मागं वळली. ती म्हणाली, "काका, काकूंच्या आहेत ना."

त्याचा चेहरा मी बघितला. तो तुला लिहून दाखवता येणार नाही.

बाकीच्यांना लंबूच्या हवाली केलं आणि त्याला घेऊन उलटा फिरलो. इंजिन एवढं ताणलं की काच थरथरत होती. त्यानं चपला मांडीवर घेतल्या होत्या, दोन्ही हातांनी, कुणी हिसकावून घेईल अशा. रागावेल, शिव्या घालेल, मी तयारीत होतो. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "ती कधी मागं राहत नाही हो. तीस वर्षांत कधी मागं राहिली नाही."

दांड्यापाशी पोचलो तेव्हा दोन चटया अंथरता येतील एवढीच वाळू उरली होती. तीही ओली. ती त्यावर उभी, टोपी हातात, कपडे गुडघ्यापर्यंत धरलेले. रडत नव्हती. बोट थांबायच्या आधीच ह्यानं पाण्यात उडी टाकली, कमरेएवढ्या पाण्यात पँट, पट्टा, खिशातला कागद सगळ्यासकट. आणि तिच्याजवळ जाऊन काय केलं, तर ओरडला. शिट्टी ऐकू आली नाही का, कान फुटले का, जीव गेला असता म्हणजे.

ती म्हणाली, "ऐकली शिट्टी. म्हटलं, आज नाही धावायचं. येतील बोलवायला."

तिनं टोपी डोक्यावर घातली.

"मग इंजिनचा आवाज आला. चढून आले तर तुमची पाठ दिसली. एकदा हाक मारली. नंतर नुसती बघत राहिले."

चढताना तिनं त्याच्या हातातल्या चपला घेतल्या आणि खोक्यात टाकल्या, नियमाप्रमाणे. सगळे सुखरूप परतले. एवढंच झालं.

रात्रीपासून मी आठवतोय, तुझ्या चपला कुठल्या रंगाच्या आहेत. मला आठवत नाहीत. लग्नातल्या आठवतात, पण त्या तर तू वहिनीला देऊन टाकल्यास. आत्ता कुठल्या घालतेस?


११ तारीख, मंगळवार

परवाच्या पत्रात एवढंच झालं असं लिहिलं ते खोटं. आणखी झालं होतं. पत्र बोटीवर चढलं आणि मला चैन पडेना. दोनदा धक्क्यावर जाऊन आलो, जसं काही ते परतच येणार आहे.

परतीच्या वाटेवर ती बाई पुढं माझ्या बाकाशेजारी बसली होती, तो मागं कपडे पिळत होता. मी माफी मागितली. ती म्हणाली, तुझी चूक निम्मी. मग थोड्या वेळानं विचारलं, "तुझं लग्न झालंय का रे?"

मी म्हणालो, नाही.

सवयीनं म्हणालो, असं लिहिणार होतो. सवय आहेच. इथं आलो त्या दिवशी मालकिणीनं विचारलं तेव्हाही नाही म्हणालो होतो. माझ्या आधी रांगेत जो होता त्याला बायको-पोरं होती आणि त्याला काम मिळालं नाही, म्हणून मी धडा घेतला. नंतर कळलं, त्याला दारूचा वास येत होता म्हणून परत पाठवला. पण तोवर बोलून बसलो होतो. लंबूलाही तेच माहीत, खोलीतल्या सगळ्यांना तेच. तुझा फोटो माझ्याजवळ आहे, तो पासबुकाच्या आत. कुणी बघितलाच तर बहीण म्हणून सांगायचं ठरवलं होतं. वेळ आली नाही. पण ठरवलं होतं.

नाही म्हटल्यावर ती बाई म्हणाली, "बरं झालं."

टोमणा नव्हता. आज ऊन कमी आहे म्हणावं तसं म्हणाली आणि काचेतून खाली बघायला लागली.

काल मालकिणीनं बोलावलं. तिची कचेरी म्हणजे बोटींच्या शेडमधला एक कोपरा, लाइफ जॅकेटचे तुटलेले पट्टे शिवत बसते ती. सुई खाली न ठेवता बोलते. म्हणाली, त्या जोडप्यानं तक्रार केलेली नाही, बाईनं उलट सांगून ठेवलंय की पोराला काढू नका. पण मी तुला महिनाभर बोट देणार नाही. उलट्या घातलेल्या होड्या खरवड, रंग दे, पगार निम्मा. मी मान हलवली. मग ती म्हणाली, आमचे हे म्हणायचे की सडाफटिंग माणसाच्या हातात बोट देऊ नये. घरी ज्याची वाट बघणारं कुणी नाही, त्याला दुसऱ्याची माणसं मोजता येत नाहीत.

माझ्या तोंडून निघून गेलं की आहे. घरी आहे.

"कोण आहे?"

"बायको."

तिनं चष्म्यावरून बघितलं. चौदा महिने, म्हणाली. बोटं दुमडून मोजल्यासारखं केलं. मग सुई टोचून ठेवली. शेडच्या मागची खोली माहीत आहे का विचारलं. मला माहीत होती. मग तिथं काय आहे माहीत आहे का. तेही माहीत होतं. मागच्या पावसाळ्यापर्यंत तिथं मिस्त्री आणि त्याची बायको राहत होते. तेव्हापासून कुलूप आहे. कुटुंबवाल्याला देतात ती.

हे आता वाच नीट. कुटुंबाला जागा देत नाहीत असा नियम नाही. कधीच नव्हता. मला हे ठाऊक होतं, आणि खोली रिकामी आहे हेही पाच-सहा महिन्यांपासून ठाऊक आहे. रोज सकाळी नळावर जाताना त्या कुलपावरून जातो. विचारलं असतं तर मिळाली असती, फक्त आधी मी खोटं बोललो होतो हे सांगावं लागलं असतं. पण तेवढंच कारण नाही. एकटा असलो की कधीही उठून निघून जाता येतं, असं मनात कुठंतरी होतं. कुठं जाणार होतो कुणास ठाऊक. चौदा महिन्यांत कुठंही गेलो नाही. पण निघता येईल एवढ्यासाठी तुला तिकडं ठेवलं.

हे फोनवर मी बोललो नसतो. तू म्हणतेस ते खरं आहे, निसटलो असतो.

मालकीण शेवटी म्हणाली, खोली मागायची असेल तर तुझ्या बायकोनं मला लिहावं. तिच्या हातचं. तुझ्या शब्दावर मी आता किल्ली देणार नाही.

लंबूलाही सांगितलं. तो दिवसभर बोलला नाही. जेवताना म्हणाला, चौदा महिने मी तुला माझ्या बायकोच्या चिठ्ठ्या वाचून दाखवत होतो, आणि तू नुसता ऐकत होतास होय?


१३ तारीख, गुरुवार

होड्या खरवडतोय. हाताची सालं निघालीत, त्यामुळं अक्षर आणखीच दिव्य आलंय, चालवून घे.

खोलीचं सांगतो, म्हणजे तुला ठरवता येईल. मालकिणीनं आत जाऊ दिलं नाही, खिडकीतून बघितली. माझ्या पावलांनी बाहेरून अकरा लांब, आठ रुंद. सिमेंटची जमीन, एका कोपऱ्यात फुगलेली. ओटा आहे, त्याला मोरी नाही, पाणी बाहेर टाकावं लागेल. खिडकी एकच आणि ती शेडकडं उघडते, समुद्राकडं नाही. डिझेलचा वास येणार. खाऱ्या हवेनं लोखंडी काही टिकत नाही, मिस्त्रीची बायको डब्यांना तेल लावून ठेवायची म्हणे. शेजारी बाई माणूस म्हणजे एक मालकीण, आणि तिचं बोलणं कसं आहे ते कळवलंच. शाळा, दवाखाना पलीकडच्या किनाऱ्याला, बोटीनं पाऊण तास. हंगामात लोकांची जत्रा, हंगाम सरला की चार महिने कुणी फिरकत नाही, नुसता वारा. त्या चार महिन्यांत माणूस भिंतीशी बोलायला लागतो. मी लागलो होतो.

वसतिगृहातली खोली याच्यापेक्षा बरी असणार. पगार तुझ्या हातात, पोरीबाळींची सोबत, कुणाची वाट बघायला नको. ती नोकरी धरलीस तर चूक केलीस असं मी कुणाजवळही म्हणणार नाही. दादाला तसं आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे नंतर मला फिरता यायचं नाही.

परत येतो म्हणून लिहिणार होतो. तीन ओळी लिहून खोडल्या, दिसतायत वर. परत आलो तर सहा महिन्यांनी पुन्हा कुठंतरी जाईन हे तुलाही माहीत आहे. भिंगरी गेली असं मी म्हणत नाही. इथं निदान बोट आहे, दिवसभर फिरलं तरी संध्याकाळी त्याच धक्क्याला यावं लागतं.

मालकिणीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तिला हो लिही, नाही लिही, किंवा मी कसला माणूस आहे ते लिही, तिला वाचायला आवडेल. मला नाही लिहिलंस तरी चालेल. चालेल म्हणजे चालवून घेईन.

आजवर पैसे दादाच्या नावावर पाठवत होतो, की तुला हवे तेव्हा त्याच्याकडून घेशील. वहिनीसमोर हात पसरून. ते सुचलं नव्हतं मला, खरंच सुचलं नव्हतं. या वेळी तुझ्या नावावर पाठवतोय. अर्ध्या पगारातून एवढे निघाले नसते, लंबूनं घातलेत, बोलत नाही पण घातलेत. घरासाठी या महिन्यात काही नाही. हे भाड्याचे आहेत. गाडी आणि बोट मिळून इथवर यायला एका माणसाला दोन हजार आठशे पडतात. येऊन बघितलंस, खोली बघितलीस, मला बघितलंस, आणि वाटलं की नको, तर त्या दिवशी तुला माझ्याकडं परतीचे मागायला लागू नयेत, म्हणून दोन्हीकडचे घातलेत. पाच हजार सहाशे.